सात वाजताचं माप

आमच्या घरात कुठलीही वस्तू सरळ आत येत नसे. गुलमंडीतून दोन किलो गूळ आणला, की तो आधी ओट्याशेजारच्या तराजूत जायचा आणि मगच डब्यात. दूधवाल्याचं लिटरचं माप बाबांनी एकदा उलटं करून, तळ ठोकून बघितलं होतं. तेव्हापासून तो बिचारा दारात आला, की न सांगता स्वतःच माप उलटं करून दाखवायचा. बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. सगळी हयात त्यांनी दुकानदारांचे काटे, पेट्रोल पंपांची मापं आणि लोखंडी वजनांच्या बुडाखालचं शिसं तपासण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं ओळखपत्र परत घेतलं, संशय मात्र त्यांच्याकडेच राहिला. स्कूटरमध्ये पेट्रोल भरायचं असलं, की गाडी स्टँडला लावायचे, चष्मा पुसायचे, मशीनसमोर जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी शून्य दाखव." मागं कितीही हॉर्न वाजोत. मी मागच्या सीटवर ओढणीत तोंड लपवून बसायची.

आईचं माहेर फुलंब्रीकडचं, बोलायला एकदम सडेतोड. ती म्हणायची, "लग्नात ह्यांनी माझं मंगळसूत्र दोन सराफांकडं तोलून आणलं. तिसऱ्याकडं निघाले तवा माझ्या बापानं हात जोडले." पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं. नोकरीत असताना बाबा सकाळी कुठल्या बाजाराला चाललेत, हे तिला कधीच सांगत नसत. पैठण की वैजापूर, दुपारी परत येणार की रात्री, डब्यात दोन भाकरी द्यायच्या की चार, काही म्हणून पत्ता लागायचा नाही. विचारलं की एकच उत्तर, "तपासणीची वेळ घरातल्या माणसालासुद्धा सांगायची नसते. सांगितली की ती तपासणी राहत नाही, पाहुणचार होतो." आई मग येसरच्या आमटीला फोडणी देताना पळी जरा जास्तच जोरात आपटायची.

अशा घरात मला लॅपटॉपवरच्या मोटारशर्यतीचं वेड लागलं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. गारखेड्यातल्या आमच्या घरात समोरच्या खोलीत आईचं शिलाई मशीन होतं. त्याच्या फळीला मी कोणाचं तरी वापरलेलं स्टिअरिंग घेऊन क्लॅम्पनं आवळलं होतं. पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची पट्टी. ती फरशीवर सरकायची, म्हणून तिच्या मागं पाटा लावलेला. आईला चटणी वाटायची असली, की ती सरळ येऊन पाटा उचलून न्यायची आणि ऐन वळणावर माझा ब्रेक मशीनखाली निघून जायचा. "आई, शर्यत चाललीय!" मी ओरडायची. "मग? शर्यत जेवायला घालती का?" आतून उत्तर यायचं. आता हे सांगितलं की भाचे हसतात. त्यांना पाटाही माहीत नाही आणि भिंतीला भोक पाडून वायर घरात घ्यावी लागायची, हेही खरं वाटत नाही.

आमची चौघांची टीम होती. एकमेकांना कधी भेटलो नव्हतो, फक्त कानावरच्या हेडफोनमधून ओळखायचो. कॅप्टन राहुल नागपूरचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला शर्यत असायची आणि हंगामाच्या शेवटी चौघांपैकी दोघंच पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होते. मला त्या दोघांत यायचं होतं. अगदी जीव तोडून यायचं होतं. शाळेत मी कधी पहिल्या दहात आले नाही, गाणं नाही, चित्रकला नाही, घरात पाहुणे आले की "ही काय करते?" याला आईकडं उत्तर नसायचं. शर्यतीत मात्र मी राहुलच्याही पुढं असायची. अडचण होती ती इंटरनेटची. मोबाइलचं नेट लावून खेळायची, तर मी इथं ब्रेक दाबला ते तिकडं कळेपर्यंत गाडी भिंतीत गेलेली असायची. हा जो कळायला लागणारा वेळ, त्याला पिंग म्हणतात. तो कमी हवा आणि मुख्य म्हणजे स्थिर हवा.

मी बाबांना सांगितलं, की घरी ब्रॉडबँड घ्यायचंय. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"किती माप सांगतात?"

"शंभर एमबीपीएस, नेटचा वेग."

"आणि ते शंभर भरतं का, कोण तपासतं?"

"कोणीच नाही, बाबा."

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की निवृत्तीनंतर मी तो तसा पाहिलाच नव्हता. "म्हणजे शिक्का नसलेला काटा आहे हा," ते म्हणाले आणि कपाटातून नवी कोरी वही काढली.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात छापे घालण्याची तयारी चालावी तसं चाललं होतं. बाबांनी एका मोठ्या कंपनीच्या नंबरावर तीन वेगवेगळ्या दिवशी फोन केला, तीन वेगवेगळी नावं सांगितली आणि तोच प्रश्न विचारला. तिन्ही उत्तरं वेगळी आली. त्या कंपनीवर त्यांनी वहीत फुली मारली. कॉलनीच्या तोंडाशी छत्री लावून बसलेल्या दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्यानं "अनलिमिटेड" असा शब्द वापरला, तर बाबा त्याला म्हणाले, "लिहून दे." तो छत्री सोडून चहाला गेला तो गेलाच. मग शेजारपाजारच्या घरी जाऊन मोजायचं ठरलं. समोरच्या देशमुख काकूंकडं आम्ही संध्याकाळी चहाला गेलो, माझ्या पिशवीत लॅपटॉप. काकूंचा मुलगा लग्नाचा होता. बाबा पुन्हा पुन्हा "घर दाखवा, आतल्या खोलीत कसं काय आहे?" असं विचारायला लागल्यावर काकूंनी पदर सावरला, चहाबरोबर चिवडा आला आणि मुलाला हाक मारली गेली. आम्ही वायफायचा पासवर्ड मागितला तेव्हा काकूंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढं कितीतरी महिने त्या आमच्याशी तुटक वागल्या.

शेवटी राहिला गल्लीतला केबलवाला. त्याचं लाइनचं काम बघायचा अंकुश. चाळिशीचा, फुलंब्रीहून रोज मोटरसायकलवर यायचा, खांद्यावर वायरचं वेटोळं आणि खिशाला टेस्टर. बाबांनी त्याला दारातच उभं करून विचारलं, "शंभर म्हणजे शंभर मिळतील का?"

"नाय साहेब," अंकुश म्हणाला. "शंभर कदी बी भरत नाय. नव्वद भरंल. संध्याकाळी सारे घरी आले की पंच्याऐंशी. पर लाइन तुटणार नाय, ते माझ्याकडं लागलं."

मला तो तिथल्या तिथं आवडला. बाबांना मात्र रात्रभर चैन पडलं नाही. "तीस वर्षांत एकही दुकानदार मला स्वतःहून म्हणाला नाही, की माझं माप कमी आहे," ते आईला सांगत होते. "हा म्हणतो. का म्हणतो? काहीतरी मोठं झाकायचं असणार." आई म्हणाली, "आवो, खरं बोललं तरी पंचाईत, खोटं बोललं तरी पंचाईत. माणसानं करावं तरी काय तुमच्यापुढं?" पण सगळ्या घरांतून मोजून आणलेल्या आकड्यांत अंकुशची लाइनच सरस होती. वहीतल्या आकड्यापुढं बाबांचं काही चालायचं नाही, तेवढे ते प्रामाणिक होते. अंकुशनं भिंतीला भोक पाडलं, वायर आत घेतली, भोकाला पांढरं सिमेंट लावून वर बोट फिरवून ते गुळगुळीत केलं. आईनं त्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. माहेरच्या गावचा माणूस निघाला म्हणून तिनं त्याच्या दोन्ही पोरींची नावंसुद्धा विचारून घेतली.

पहिला आठवडा काय सांगू! गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत होती. राहुल हेडफोनमधून ओरडला, "काय चालवून राहिली बे शीतल!" मी दोन्ही शर्यती जिंकल्या. आईनंसुद्धा दारात उभं राहून शेवटचे दोन फेरे पाहिले आणि "तो लाल गाडीवाला लई आडवा येतो, त्याला ढकल की," असा सल्ला दिला.

आणि मग दुसऱ्या आठवड्यापासून ते सुरू झालं. सात वाजता शर्यत सुटायची, दोन फेरे नीट जायचे आणि अचानक माझी गाडी गोठायची. दहा-बारा सेकंद. मग पुढं कुठंतरी एकदम उगवायची. पाच-सात मिनिटांनी पुन्हा तेच. इतर दिवशी सराव करताना काहीच व्हायचं नाही. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, फक्त सात ते साडेसात. जणू कोणीतरी वेळ साधून माझ्या वाईटावर होतं. मी अंकुशला बोलावलं. त्यानं वायर तपासली, नेटची डबी बदलली, खांबावर चढून जोड नवा केला. शुक्रवारी पुन्हा गाडी गोठली. पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा दारातच घुटमळला आणि चपला न काढताच म्हणाला, "ताई, राग नका मानू. त्या टायमाला घरात आजून कुनी नेट वापरतंय का?"

मी काही बोलायच्या आत बाबाच बाहेर आले. "कोणी वापरत नाही. आई वापरत नाही, मी वापरत नाही." तो गेल्यावर ते माझ्याकडं वळले. "ऐकलंस? काटा पकडला, की दुकानदार म्हणतो तुमचंच भांडं वाकडं आहे. तीस वर्षं हेच ऐकलं." मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्यात भर घातली. म्हटलं, "बाबा, तो आपली लाइन संध्याकाळी दुसऱ्याला देत असणार." हे वाक्य माझं होतं. बाबांचं नाही, माझं. आज त्यांच्याच खुर्चीत बसून लिहिताना ते त्यांच्या नावावर टाकायचा मोह होतो, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

त्याच आठवड्यात राहुलचा फोन आला. एरवी तो शिव्या देऊन बोलायचा, त्या दिवशी एकदम सभ्य बोलत होता.

"शीतल, खरं सांगजो. तू मुद्दाम लॅग मारून राहिली का?"

शर्यतीतली ही सगळ्यांत हलकी चोरी. काही जण ऐन शर्यतीत आपलं नेट क्षणभर तोडतात. त्यांची गाडी इतरांच्या पडद्यावर दिसेनाशी होते, भलतीकडं उगवते आणि घाबरून बाकीचे बाजूला होतात. माझ्या गोठण्यामुळं दोन गाड्या आदळल्या होत्या आणि त्यांनी माझ्यावर तक्रार टाकली होती. राहुल म्हणाला, की पुढच्या रविवारपर्यंत मी वेळांसकट लेखी खुलासा दिला नाही, तर मला काढून टाकतील आणि यादीत नावापुढं तसा शेरा लिहितील. मी फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. वजनमापाच्या निरीक्षकाची मुलगी, आणि तिच्यावर माप मारल्याचा आळ!

बाबांनी हे ऐकलं. संध्याकाळी त्यांनी टेबलाशी बसून केबलच्या मालकाला अर्ज लिहिला, खात्यात लिहायचे तसा, विषय, संदर्भ आणि "सदर इसम" यांसकट. सदर इसम हेतुपुरस्सर सेवा खंडित करतो, सबब त्याच्यावर योग्य ती कारवाई व्हावी. खाली सही आणि "निवृत्त निरीक्षक". मीच तो नेऊन दिला. दोन दिवसांनी आमच्या गल्लीत नवाच माणूस आला. अंकुशचं विचारलं तर म्हणाला, "त्याला कामावरून बंद केला मालकानं." आई त्या दिवशी अर्ध्या जेवणातच थांबली. "दोन पोरी हायेत त्याला," एवढंच म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

मंगळवारी नव्या माणसाच्या राज्यात शर्यत सुटली. दुसऱ्या फेऱ्यानंतर गाडी गोठली.

शनिवारी मी खुलासा लिहायला बसले. शर्यतींची चित्रफीत पुन्हा पुन्हा लावून गाडी नेमकी कधी गोठली, त्या वेळा एका कागदावर उतरवल्या. सात वाजून सहा, सात तेरा, सात वीस, सात सत्तावीस. आईनं बाहेरून हाक मारली, नळाला पाणी आलं होतं, बाबा मोटर लावायला खाली गेले. मला स्वच्छ लिहायला कोरा कागद हवा होता. टीव्हीखालच्या खणात बाबांची ती वही होती. मागचं एक पान फाडावं म्हणून मी ती उघडली.

बाबांचं अक्षर फार सुंदर होतं. आखलेले रकाने, दुसऱ्या आठवड्यापासूनचा प्रत्येक मंगळवार, प्रत्येक शुक्रवार. सात वाजून सहा, एकोणनव्वद. सात तेरा, नव्वद. सात वीस, अठ्ठ्याऐंशी. सात सत्तावीस, नव्वद. माझा कागद मी त्या पानाशेजारी ठेवला. एकही मिनिट पुढंमागं नव्हतं.

मी खाली गेले. बाबा टाकीपाशी उभे होते, पाइपवर हात ठेवून. मोटर घुरघुरत होती. मी वही आणि कागद दोन्ही त्यांच्या हातात दिले. म्हटलं, "बाबा, शर्यतीच्या वेळी तुम्ही मोबाइलवर स्पीड तपासत होता?"

"हो. गॅलरीतून," ते म्हणाले. "सणाच्या दिवशीच दुकानदार माप मारतो. ज्या वेळी गिऱ्हाइकाला गरज, त्या वेळीच तपासायचं." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला सांगितलं नव्हतं, कारण ते कोणालाच सांगत नसत. मी त्यांना सावकाश समजावलं, की नेट किती आहे हे मोजायला तो फोन घरातलं सगळंच्या सगळं नेट ओढून घेतो. पूर्ण नळ उघडतो. तेवढा वेळ माझ्या गाडीला थेंबसुद्धा मिळत नाही.

ते कितीतरी वेळ दोन्ही कागदांकडं आळीपाळीनं बघत राहिले. टाकी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं, आई वरून ओरडत होती, तरी मोटर बंद करायचं भान त्यांना राहिलं नाही. मग ते म्हणाले, "मी वापरत नव्हतो गं, शितू. मी फक्त मोजत होतो."

मला त्यांचा संताप आला होता, त्यांना फाडून खावं असा. पण तो आवाज ऐकला. मी हात लांब करून मोटर बंद केली.

रात्री त्यांनी माझा खुलासा स्वतःच्या हातानं लिहिला. मी नको म्हणत होते, चार पोरं हसतील म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. पंचनाम्यासारखा मजकूर: तपासणी करणाऱ्या इसमामुळेच दोष उत्पन्न झाला, वाहनचालक मुलगी निर्दोष आहे. वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडले. राहुलनं तो सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे, आणि कोणी हसलं नाही. शेरा टळला. पण वाया गेलेल्या शर्यतींचे गुण कोण परत देणार? मी तिसरी राहिले. दोघंच जाणार होते.

रविवारी सकाळी बाबांनी स्कूटर काढली. गुलमंडीतून अर्धा किलो इमरती घेतली आणि ती न तोलता पिशवीत टाकली. केबलच्या मालकाला द्यायचा दुसरा अर्ज खिशात होता, पहिला मागं घेणारा. आम्ही फुलंब्रीला अंकुशच्या घरी गेलो. तो दारात लोखंडी खाटेवर बसून एका पोरीच्या सायकलची चेन बसवत होता. बाबा खाटेवर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, काही न झाकता, आणि वहीसुद्धा दाखवली.

अंकुशनं हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. वहीकडं बघितलंच नाही.

"मला ठावं व्हतं, साहेब. आमच्याकडं मशीनवर दिसतं. सात वाजल्यापासून दर सात मिन्टाला तुमच्या घरातून कुनीतरी टेस्ट मारतंय."

"मग बोलला का नाहीस?" बाबांचा आवाज चढला. जुनी सवय. "स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"इचारलं की मी. घरात कुनी वापरतंय का म्हनून." त्यानं फडकं खाटेवर टाकलं. "त्याच्या फुडं सांगितलं असतं, तर तुमी मानलं असतं का?"

बाबांनी वही मिटली. अंकुशची बायको पाणी घेऊन आली, तिनं इमरतीची पिशवी घेतली, पोरींना एकेक दिली. अंकुशनं दुसरा अर्ज वाचला, घडी घालून बाबांना परत दिला. मालक परत घेईल तर घेईल म्हणाला, पण आमची गल्ली त्याला नको होती. हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं. नंतर मालकानं त्याला परत घेतलं, ते दुसऱ्या भागात. आमच्या भिंतीतलं ते सिमेंट अजून तसंच गुळगुळीत आहे.

परतताना रस्त्यातल्या पंपावर बाबांनी स्कूटर थांबवली. तिच्यावरून उतरले, झाकण उघडलं आणि मशीनकडं पाठ करून रस्त्याकडं बघत उभे राहिले. पंपावरचा माणूस त्यांना ओळखत असावा. तो नळी हातात धरून थांबला, बाबा आता म्हणतील, मग म्हणतील म्हणून वाट बघत. बाबा काही म्हणाले नाहीत. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी मात्र मशीनकडं पाहिलं. शून्यच होतं.